सोफ्यावरचे पतिदेव

मी त्या भिंतीखाली थांबले ती चपलेचा अंगठा तुटला म्हणून. शिडीवरचा पेंटर बघायला थांबले, असं सीताबर्डीत जे सांगतात ते खोटारडे. मी त्याला जेमतेम अर्धा तास बघितलं.

चौऱ्याहत्तरची दिवाळी तोंडावर आली होती. पेंटर मयूरी मिक्सरची जाहिरात रंगवत होता. मिक्सरमागे बाई... भरजरी शालू, गजरा, अंगावर इतके दागिने की सराफानं हात जोडावेत. बाजूला सोफ्यावर पेपर वाचणारा नवरा. खाली ठळक अक्षरं : ‘पतिदेव खूश, घर स्वर्ग!’

“ओ पेंटर,” मी खालून हाक मारली, “ही बाई चटणी वाटून राहिली, का लग्नाले उभी राहिली?”

ब्रश थांबला. टर्पेंटाइनचा वास, आणि वरून बघणारे ते दोन डोळे — माझं डोकं नक्की कशानं गरगरलं, देव जाणे.

“कंपनीनं असंच चित्र पाठवलं, बाई.”

“आन् हा? याले पाय नाहीत का? काहून बसून राहिला?”

“पाय रंगवाचे आहेत अजून.” तो हसला. “तुम्ही म्हणान तसे रंगवतो.”

“मग उभा रंगवा!”

त्याचं नाव केशव. ते पाय रंगवायला त्यानं आठवडा लावला. तेवढ्यात माणसानं अख्खा अंबाझरी तलाव रंगवला असता! पण मधे चहा होता, गप्पा होत्या... आणि ज्या दुकानाची ती भिंत, त्याच दुकानात मी नोकरीला.

दारात टेबल मांडून मी गिऱ्हाइकांना मिक्सर चालवून दाखवायचे. शेवटी ते पतिदेवांचं वाक्य हसून म्हणायचं, असा नियम. नेमका तेव्हा मला खोकला यायचा. मालक मधुकररावांनी बजावलं होतं — कंपनीचे साहेब येतील तेव्हा खोकलीस, तर नोकरी गेली. नोकरी गेली की मामांनी आणलेलं पारशिवनीचं स्थळ गळ्यात!

साहेब आले त्या सकाळी केशवनं आठवडाभर चित्रावर टाकून ठेवलेलं कापड ओढलं.

मिक्सरमागे नवरा उभा. सोफ्यावर पाय पसरून बाई पेपर वाचतेय!

गर्दी अशी उसळली की हिंगण्याची कंपनी-बस अडकली, आणि तिच्यातले कामगार दुसऱ्या दिवशीच्या पाळीला पोचले. पटत नसेल तर सोडून द्या.

मधुकरराव टमाट्यासारखे लाल. “शामला, हे तुयंच काम! म्हण ते वाक्य, आत्ता, साऱ्यांसमोर. नाही तर उद्यापासून येऊ नको.”

खोकला आला. मी गिळला. “नाही म्हणत. पतिदेवाले खूश कराचा ठेका मिक्सरनं घेतला असन, म्या नाही घेतला.”

“पुरुषानं मिक्सर चालवलेला पाहिलाय का कुणी?” साहेब फणकारले.

“आता पाहा,” म्हणत केशव टेबलाशी आला. भांड्यात सोललेली संत्री टाकली आणि बटण फिरवलं.

कारंजं उडालं! साहेबांचा पांढरा सफारी केशरी झाला.

“झाकण, केशव, झाकण!”

“चित्रात नसते ना झाकण!” तो ओरडला. खरंच होतं. आतली फळं दिसावीत म्हणून जाहिरातीत भांडं उघडंच काढत. बिचाऱ्यानं शेकडो मिक्सर रंगवले होते, चालवला एकही नव्हता.

बाया हसून वाकल्या. एकीनं नवऱ्याला पुढे ढकललं, “घ्या हेच मशीन. चालवाले तुम्ही!” मागोमाग दुसरी, तिसरी...

मधुकरराव हळूच म्हणाले, “शामला, बिलं कर ना वं.”

“भिंत राहिली तर मी राहीन.”

त्यांनी साहेबांकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. “राहू दे मंग!”

केशव तसाच उभा. भुवईवरून रस गळत होता. “मले शिकवशीन...?” तो पुटपुटला. “म्हणजे... जन्मभर?”

मी झाकण उचललं, भांड्यावर बसवलं. त्याचा हात धरून झाकणावर ठेवला. वर माझा.

“दाबून धरा. सोडाचं नाही.”

“नाही सोडत.”

सारी सीताबर्डी बघत होती. म्हटलं, बघू दे!