कोपऱ्यातलं टिंब

माझं काम पाणी भरायचं होतं. सकाळी दोन घागरी माठात, एक बादली बाहेरच्या टाक्यात, मंग झाडू, मंग स्टो पेटवून पोस्टमास्तरांचा चहा. पांढुर्ण्याच्या टेशनामागे तेव्हा एक लहानसं डाकघर होतं, टिनाच्या छपराचं, दोन खोल्यांचं. आता तिथं एक कडुलिंब उभा आहे, बाकी काही नाही. मी तिथं अकरा वर्षं कच्च्या नोकरीवर राबली.

चौथी शिकली म्हणून आमच्या बौद्ध वस्तीत मला मान होता. कोणाच्या घरी पत्र आलं की बाई ते पदराखाली झाकून माझ्याकडे आणायची. "कलाबाई, वाच नं वो." मी वाचायची. कोण मेलं, कोण बाळंत झाली, कोणाच्या नवऱ्यानं नागपुरात दुसरी ठेवली, सगळं माझ्या तोंडून तिच्या कानात जायचं. तिसऱ्या माणसाला कधी कळलं नाही. नवरा गेल्यावर माझ्यापाशी इमान तेवढंच उरलं होतं. शहाऐंशी सालच्या वैशाखापर्यंत तेही टिकलं.

त्या उन्हाळ्यात सौंसरकडच्या एका खाणीतून बारुदाची पेटी चोरीला गेली. गेली होती, खोटं नाही सांगत. टेशनावर बेवारस डब्बा दिसला तरी माणसं पोरं उचलून पळत होती. मंग त्या पेटीच्या तपासाला एक साहेब आला. कोणत्या खात्याचा, ते त्यानं सांगितलं नाही आणि पोस्टमास्तर मुकुंदरावांनी विचारलं नाही. पांढरी सफारी, डोक्याला चमेलीचं तेल. मागच्या खोलीत टेबल टाकून बसला आणि मला म्हणाला, "बाई, केतली में पानी चढ़ाओ."

"चहा ठेवू?"

"चाय नहीं. सिर्फ पानी. उबलता रहे बस."

टपालाच्या थैल्यातली बंद पत्रं तो किटलीच्या तोंडावर धरायचा. वाफेनं डिंक सुटला की बांबूच्या काडीनं घडी उघडायचा. पण त्याची बोटं जाडी, कागद फाटायचे. दुसऱ्या दिवशी ते काम त्यानं मला दिलं. माझी बोटं विड्या वळून तयार झालेली. एक कागद फाटला नाही. साहेब म्हणाला, "हाथ में हुनर है तेरे." मला बरं वाटलं. आता कशाला लपवू, बरं वाटलं.

मराठी मी वाचायची आणि हिंदीत सांगायची. वाचून झालं की साहेब पत्राच्या आतल्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक बारीक टिंब करायचा. 'देखा' याची खूण म्हणून. मंग मी खळ लावून ते बंद करायची.

मुकुंदराव एकदाच बोलले. दारात उभं राहून, खालच्या आवाजात. "साहब, लोगों के घर की बातें हैं..."

"बम फटेगा तो घर ही नहीं बचेगा, पोस्टमास्टर साहब. फिर घर की बात कहाँ रखोगे?"

मुकुंदराव बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी पुढचं पत्र वाफेवर धरलं. त्याचं म्हणणं मला तेव्हा खोटं वाटत नव्हतं.

पोस्टकार्ड साहेब बघायचाच नाही. कार्ड उघडंच असते, त्यात कोण काय लपवणार? त्याचा कायदा निराळा होता. म्हणायचा, जो माणूस जन्मभर कार्ड लिहितो आणि एक दिवस अचानक बंद पत्र टाकतो, त्याला आधी पकडा.

यमुना जन्मभर कार्डच टाकायची. आमच्या वस्तीतल्या शकुबाईची एकुलती एक पोर, पुढच्याच टेशनावर, तिगावला दिलेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. महिन्याला एक कार्ड, वाकडंतिकडं अक्षर, "माय, मी खुशाल आहे." ते मीच शकुबाईला वाचून दाखवायची. त्या दिवशी थैल्यातून निळं, बंद अंतर्देशीय पत्र निघालं. अक्षर यमुनेचं. साहेबानं पत्ता पाहिला. शकुबाईचा दीर उत्तम खाणीत कामाला, युनियनवाला. त्याचं नाव साहेबाच्या कागदात सगळ्यांत वर होतं.

"ये पहले खोल."

मी वाफ दिली. उघडलं. वाचलं.

"माय, कार्ड नाही टाकलं, इथं पोस्टमन कार्ड चौकात वाचून दाखवते. हे मायलेक दुसरी बायको करायचं बोलून राहिले. काल सासू म्हणाली, विहिरीले तोंड नसते. मी दाराआडून आयकलं. बुद्धजयंतीच्या आत मले घेऊन जा. उत्तमकाकाले धाड. माय, मले मरायचं नाही. कलामावशी, हे पत्र तूच वाचून राहिली असशील. मायचं काळीज कमजोर हाय. तिले हळू सांगजो. पण सांगजो."

मी साहेबाला सगळं सांगितलं. शेवटच्या ओळी सोडून. त्या माझ्या होत्या.

"उत्तम को बुला रही है," तो म्हणाला. टिंब केलं. "इसको रोको. ऊपर पूछना पड़ेगा."

"साहेब, पोरीच्या जिवाचं आहे. आठ दिवसांवर जयंती आहे."

"यहाँ हज़ार लोगों के जीव का है. और सुन, बात बाहर गई तो पहले तू अंदर जाएगी. नहीं गई तो तेरी नौकरी पक्की करवा दूँगा."

रोकलेल्या पत्रांचा एक गठ्ठा होता, बुटाच्या नाडीनं बांधलेला. यमुना त्यात गेली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, घर तुझं हाकेवर, जाऊन सांगायला काय झालं होतं? मीही तेच म्हणते. चाळीस वर्षं होत आली, तेच म्हणून राहिली. सांगितलं असतं तर शकुबाई म्हणाली असती, पत्र कुठं आहे? तुला कसं ठाऊक? मंग वस्तीला कळलं असतं की कलाबाई त्यांची पत्रं उघडते. मला जेलची भीती होती, पक्क्या नोकरीचा लोभ होता आणि तोंड काळं होईल याची लाज होती. तिन्ही होतं. रोज वाटे, उद्या साहेब पत्र सोडेल.

शकुबाई रोज डाकघराच्या पायरीशी यायची. "यमुनेचं कार्ड आलं काय वो, कला?"

"नाही आलं."

खोटं नव्हतं. कार्ड नव्हतंच आलं.

जयंतीच्या दिवशी विहारापुढं खीर होती. मी वाढून राहिली होती. शकुबाईनं वाटी पुढं केली, म्हणाली, "पोरगी यायची होती नं वो आज. सासूनं धाडली नसल." मी तिच्या वाटीत दोन पळ्या जास्त टाकल्या.

तिसऱ्या दिवशी तिगावहून माणूस आला. विहिरीत पाय घसरला म्हणे.

ज्या दुपारचं सांगायचं आहे, ती त्याच्या दुसऱ्या दिवसाची. साहेब जेवायला डाकबंगल्यावर गेला होता. मुकुंदराव बाहेरच्या खोलीत कपाळावर ओला रुमाल टाकून बसले होते. मागच्या खोलीत मी एकटी. बाहेर उन्हाळी लू वाहत होती, वरचं टिन कडकड वाजत होतं. मी सकाळपासून स्टो पेटवला नव्हता. हातच गेला नव्हता. किटली टेबलावर रिकामी, पालथी.

पहिल्यांदा वास आला. शेवाळाचा. उपसा नसलेल्या विहिरीत डोकावलं की येतो तो. वैशाखात, जिथं माठही घामेजत नव्हता, तिथं ओला, थंड वास. मंग टिन वाजायचं थांबलं. बाहेर झाड हलताना दिसत होतं, पण आवाज नाही.

मी किटलीकडे पाहिलं. ती सरळ उभी होती. तोंडातून वाफ निघून राहिली होती.

हात लावला. किटली बर्फासारखी गार होती.

वाफ वर जात नव्हती. टेबलावरून सरपटत गेली ती थेट त्या गठ्ठ्यापाशी. नाडी ओली झाली, सुटली. वरचं निळं अंतर्देशीय हळूहळू उघडलं... एक बाजू... दुसरी... मी उघडायची तसंच, काडी फिरवून, एक कोपरा न फाटता. माझाच हुनर. पण काडी माझ्या मुठीत होती.

"मुकुंदराव..." मी हाक मारली. आवाज निघाला नाही.

कानाजवळ कोणीतरी श्वास घेतला. नाकातोंडात पाणी असल्यासारखा.

"मावशी... हळू सांगजो..."

मी पत्र उचललं. गठ्ठ्यातून ते काढलं तर जेल, हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. मुकुंदरावांसमोरून गेली. त्यांनी माझ्या हातातला निळा कागद पाहिला, आणि रुमाल ओढून डोळे झाकले. तेवढं त्यांनी केलं, त्यांचे उपकार आहेत.

शकुबाई भिंतीला टेकून बसली होती. बाया उठून गेल्या होत्या. मी तिच्यापुढं बसली, पत्र पुढं धरलं.

"यमुनेचं आहे. उशिरा आलं."

तिनं कागद पाहिला. रडली नाही. म्हणाली, "वाच."

मी उघडलं. आत काही नव्हतं. कोरं. निळा कागद, त्यावर सुरकुत्या, आणि कोपऱ्यात ते लाल टिंब. एक अक्षर नव्हतं.

"वाच म्हनतो नं तुले."

मी वाचलं. बोट फिरवत वाचलं, रोज फिरवायची तसं. माय, कार्ड नाही टाकलं. विहिरीले तोंड नसते. बुद्धजयंतीच्या आत घेऊन जा. माय, मले मरायचं नाही. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. शेवटच्या ओळी गाळायच्या होत्या, पण जीभ थांबली नाही. कलामावशी, हे पत्र तूच वाचून राहिली असशील...

वाचून झालं तेव्हा शकुबाई माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती.

"कला."

"हो."

"मले वाचता येत नाही. पन लिवलेला कागद अन् कोरा कागद, इतकं तं मलेही समजते."

मी मान खाली घातली.

"मंग तुले पाठ कसं वो?"

मी कागदाची घडी घातली.

"किती दिसांचं पाठ हाय?"

"अकरा."

तिनं माझ्या तोंडावर थुंकलं. मी पुसलं नाही. मंग मनगट धरून तिनं मला उठवलं आणि भर उन्हात, अनवाणी, पोलीस ठाण्यात नेलं. मी सगळं सांगितलं. किटली, साहेब, नाडी, यमुना, आणि मी. हवालदारानं कागद उलटा केला, सुलटा केला.

"इसमें तो कुछ लिखा नहीं है, बाई."

"मी सांगून राहिली नं! मी वाचलं आहे!"

"तुमने किसी की चिट्ठी खोली? किसके हुकुम से? नाम बताओ साहब का."

नाव मला ठाऊक नव्हतं. डाकबंगल्यात चौकीदार म्हणाला, असा कोणी साहेब उतरलाच नाही. मुकुंदरावांना विचारलं तर ते म्हणाले, मागच्या खोलीत पोत्यांशिवाय काही नसते. यमुनेच्या नवऱ्यानं दिवाळीच्या आत दुसरी केली. बारुदाची पेटी पावसाळ्यात सापडली, ठेकेदाराच्याच गोदामात. तिच्याबद्दल कोणी कधी पत्र लिहिलंच नव्हतं. साऱ्या पांढुर्ण्याच्या बायांची दुखणी, लफडी, बाळंतपणं वाचून झाली, आणि पेटीचा एक शब्द कोणत्या पत्रात निघाला नाही.

नोकरी गेली ते बरं झालं. वस्तीत मला नंतर कोणी पत्र आणलं नाही. शकुबाई मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फक्त रस्त्यात दिसली की थांबायची आणि मी पुढं गेल्यावरच चालायची.

पण मला पत्रं येत. लेकीचं, भावाचं, एकदा विजेचं बिल. डाकिया दारात टाकून जाई. उन्हातान्हातून आलेलं पाकीट, आणि हात लावला की तोंडाशी ओलं. खळ ताजी. उघडलं की शेवाळाचा वास. आणि आतल्या कोपऱ्यात, बारीक, लाल, एक टिंब. लेकीला सांगितलं, बंद पत्र टाकू नको, कार्ड टाक. तिनं कार्ड टाकलं. त्यावरही होतं.

कोणीतरी माझं सगळं वाचून राहिलं आहे. मी तक्रार करत नाही. कोणत्या तोंडानं करू?

हे मात्र मी कोणाला धाडणार नव्हती. नातवाच्या वहीत, दार लावून, चार दुपारी बसून लिहिलं. वही उशीखाली ठेवत होती. पेन्सिल घरात नाही, लाल तर नाहीच. आज शेवटचं पान लिहायला वही उघडली, पहिल्यापासून पानं चाळली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात टिंब आहे. मी लिहून संपवलेल्या पानांवर आहे.

आणि पुढच्या कोऱ्या पानांवरही आहे, जी मी अजून लिहिलीच नाहीत.