वेलांना गाळलेलं पाणी

गुणमाला परसातल्या टाक्यापाशी पिण्याचं पाणी गाळत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी खाकरलं. तिनं वर पाहिलं. शेजारच्या पानमळ्यात खांद्यावर कावड घेतलेला एक तरुण उभा होता — उंच, उन्हानं रापलेला आणि बोलावं की नको अशा पेचात पडलेला.

"थोडं पाणी मिळंल का?" त्यानं विचारलं. "प्यायला न्हाई... वेलांना. आप्पासोंना विचारलंय. घे म्हणाले."

हा धरणेंद्र. मामाचा पानमळा सांभाळायला नुकताच कुंडलहून आष्ट्याला आलेला. मळ्यात नुकतीच उतरण झाली होती, म्हणजे उंच वाढलेले वेल खाली उतरवून पुन्हा मातीत दाबले होते. अशा वेळी वेलांना गोडं पाणी लागतं, आणि मळ्याची विहीर तर तळाला जाऊन मचूळ झालेली. गोडं पाणी उरलं होतं ते फक्त गुणमालेच्या वडिलांच्या, आप्पासोंच्या टाक्यात. पावसाळ्यात कौलांवरचं पाणी त्या चुनेगच्ची टाक्यात उतरवायचं आणि उन्हाळाभर त्यावर परसातली भाजी जगवायची, हा त्यांचा नाद. टाकं बांधलं तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. आता हसणाऱ्यांच्याच घरून कोथिंबीर मागायला माणसं येत होती.

"घ्या की," गुणमाला म्हणाली. "पण आमचं पाणी गाळल्याबिगर बाहेर जात न्हाई."

ती थट्टेनं बोलली होती. पिण्याचं पाणी गाळायचं, मग फडकं उलटं करून धुवायचं आणि ते धुवण टाक्यात अलगद परत सोडायचं, म्हणजे त्यातले जीव वाचतात, हे जैनांच्या घरात लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण झाडांचं पाणी कोण गाळत बसतं? आता हा हसेल, असं तिला वाटलं. धरणेंद्र हसला नाही. त्यानं कावड खाली ठेवली, फडक्याची दोन टोकं एका हातात धरली आणि दुसऱ्या हातात ओतायला कळशी घेतली.

"दुसरी दोन कुणी धरायची?"

उरलेली दोन तिलाच धरावी लागली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी कावड वाजली की गुणमाला फडकं घेऊन परसात हजर. थट्टा होती म्हणून सांगून टाकायचं, असं ती रोज ठरवायची आणि रोज विसरायची. भरलेल्या फडक्याला मध्ये झोळ पडायचा, मग टोकं धरणारे हात आपोआप जवळ यायचे. पाणी गार असायचं. तिचे कान मात्र तापायचे.

"हळू वता. जीव असत्यात त्यात."

"माझा बी हाय की."

"तुमचा कशाला घातलाय पाण्यात?"

"घातला न्हाई..." तो खाली बघत म्हणाला. "पडला."

गुणमालेच्या हातातलं टोक सुटलं आणि सगळं पाणी त्याच्या पायावर गेलं. त्या दिवशी तिनं स्वतःशी कबूल केलं, हा माणूस आपल्याला आवडतो. फार आवडतो.

आईची वेगळीच कुरकुर. जर्मनीच्या लढाईमुळं कापड कंट्रोलवर, मोजून मिळणारं, आणि गाळायची फडकी बघता बघता विरायला लागली होती. आप्पासो मात्र ओसरीवरून बघत आणि त्यांचा ऊर भरून येई. वेलांनासुद्धा गाळून पाणी! अशी दया आजकाल म्हाताऱ्यांतही उरली नाही, असं ते बस्तीत, जैन मंदिरात, ज्याला त्याला सांगत सुटले.

एका संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसले असताना ते म्हणाले, "आश्रमातले ब्रह्मचारीजी परवा गावात येत्यात. धरणेंद्राला त्यांच्या हवाली करतो. त्याच्या मामाचं मन मी वळवलंय. आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेऊ दे पोराला. गावाचं नाव निघंल."

गुणमालेचा घास हातातच राहिला.

सकाळी तिनं धरणेंद्राला सगळं सांगितलं. तो खाली बसला.

"तरीच काल बस्तीत मला नारळ दिला... मला वाटलं, पानं चांगली आली म्हणून!"

"हसू नका. न्हाई म्हणून सांगा."

"मग पाणी कशापायी गाळत होतास, म्हणून इचारतील. खरं सांगितलं तर तुमचं दार मला कायमचं बंद. न्हाई सांगितलं तर—"

पुढचं बोलायला वेळ मिळाला नाही. आप्पासो परसात आले होते, चेहऱ्यावर कौतुक घेऊन. धरणेंद्र उठून उभा राहिला. 

"आप्पासो, मला व्रत घ्यायचं न्हाई. मी जीवांसाठी पाणी गाळत नव्हतो. गुणमालेसाठी गाळत होतो."

कौतुक जाग्यावर विरलं. "धर्माचा खेळ मांडलास व्हय रं?"

"खेळ मी मांडला, आप्पा," गुणमाला पुढं झाली. "गाळल्याबिगर पाणी न्हाई, असं मीच म्हणलं. थट्टेनं म्हणलं. आणि... मला हेच पायजेत."

आप्पासो टाक्याच्या कट्ट्यावर बसले.

"धुवण टाक्यात परत सोडत होतास का?"

"रोज. अलगद."

"एकदाबी चुकला न्हाईस?"

"न्हाई."

"मग जीव तर वाचले," आप्पासो पुटपुटले. राग अजून होता, पण तो काढायचा कुणावर, हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी टाक्यात वाकून बघितलं. "मामाला घेऊन ये. पण लगीन दिवाळीनंतर. टाकं तळाला गेलंय. ते भरल्याबिगर वऱ्हाडाला काय मचूळ पाणी पाजू?"

दुसऱ्या दिवशी आई परसात आली, तर गुणमाला शिडी लावून वर चढलेली. कौलांवरचं पाणी टाक्यात नेणाऱ्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा ती हातानं उपसून खाली टाकत होती.

"अगं, पावसाला लय अवकाश हाय अजून!" आई खालून ओरडली.

गुणमालेनं ऐकलं, खाली उतरली आणि शिडी पुढच्या पन्हळीला लावली.