बारा टॅक्सींचा ताप

"आली, आली! आणखी एक आली!" शेपूट कट्ट्यावरून ओरडला.

टॅक्सी डेपोच्या फाटकातून तीन नंबरची नवी गाडी रखडत रखडत आत शिरली. स्टिअरिंगसमोरचा धोक्याचा दिवा लाल आणि ड्रायव्हरकाकांचा चेहरा त्याहून लाल!

"पुन्हा बॅटरी तापली! या आठवड्यात तिसऱ्यांदा!" ते कुरकुरले.

भिंगरी धावत गाडीपाशी आली. शेपूट तिचा धाकटा भाऊ. सदा तिच्या मागे मागे, म्हणून शेपूट. ती स्वतः दोन मिनिटं एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी! आई डेपोत सीटची कव्हरं शिवायची, त्यामुळे सुट्टीत दोघांचा मुक्काम इथेच. आणि बाबा? बाबा इथलेच मेकॅनिक, पण सात महिने झाले, ते दूरच्या शहरात होते. जुन्या टॅक्सी जाऊन पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या येणार होत्या. त्यांची दुरुस्ती शिकायला कंपनीने बाबांना मोठ्या वर्कशॉपमध्ये धाडलं होतं. बारा गाड्या इथे रुळल्या की बाबा परत, असं ठरलं होतं. गाड्या आल्या, पण रुळायचं नावच घेईनात.

रोज फोनवर बाबांचा आवाज यायचा. पण फोनला काही ग्रीसचा वास येत नाही! कामावरून आल्यावर बाबांच्या शर्टाला येणारा तो वास भिंगरीला हवा होता. कधी कधी ती गुपचूप वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांच्या रिकाम्या स्टुलावर बसून यायची. तिथे तिला फार आठवण यायची, तरीही ती जायची.

तेवढ्यात इन्चार्जसाहेब बाहेर आले. "बास झालं हे कौतुक! शनिवारी बाराच्या बारा गाड्या परत पाठवतो. आपल्या जुन्याच बऱ्या!"

"मग आमचे बाबा?" शेपटाने विचारलं.

"राहतील तिकडेच. इथे त्यांना काम काय?"

"साहेब, गाडीबरोबर माहितीपुस्तक आलंय ना? त्यात काही..." भिंगरी म्हणाली.

"पुस्तक? तीस वर्षं गाड्या बघतोय मी! पुस्तकं तुम्ही वाचा!"

आज गुरुवार. हातात जेमतेम दोन दिवस!

"बाराच्या बारा कशा?" चष्मा सावरत प्रोफेसर म्हणाला. तीन नंबरच्या ड्रायव्हरकाकांचा हा मुलगा. "अकरा नंबर तर एकदाही बिघडली नाही!"

तिघांनी अकरा नंबरकडे धूम ठोकली. तिचे ड्रायव्हर म्हणजे शिंक्याकाका.

"काका, तुमच्या गाडीत काय वेगळं आहे हो?"

"काही नाही रे. कव्हर तेवढं नाही. रेक्झिनच्या वासाने मला... आक्छी!"

नवी गाडी कव्हरं चढवल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, हा डेपोचा रिवाज. शिंक्याकाकांना मात्र नाकाने वाचवलं होतं. त्यांनी गाडी चालू केली आणि मुलं मागच्या सीटवर चढली. सीटच्या कडेला एक छोटी जाळी होती. प्रोफेसरने कागदाचा कपटा जवळ नेला, तर तो टपकन जाळीला चिकटला!

"आत पंखा आहे! हवा ओढतोय!"

भिंगरीने कप्प्यातलं माहितीपुस्तक काढून भराभर पानं उलटली. चौथ्याच पानावर चित्र होतं. बॅटरी मागच्या सीटखाली, आणि तिला थंड ठेवणारी हवा या जाळीतून. 'जाळी कधीही झाकू नये.'

मग तीन नंबरची गाडी. तिथे जाळी दिसेचना. भिंगरीने जाड कव्हरावरून हात फिरवला. खाली जाळीच्या पट्ट्या बोटांना लागल्या.

"सापडलं!" शेपटाने उडी मारली.

भिंगरीने मात्र हात मागे घेतला. ही कव्हरं आईने शिवली होती. 'बाबांच्या गाड्या आहेत, नटून निघायला हव्यात,' म्हणत एकेक टाका किती हौसेने घातला होता! आता आईला सांगायचं कसं? पण न सांगून बाबा कसे येणार?

तिने सांगितलं. आईचं मशीन थांबलं. तिने हातातलं कापड खाली ठेवलं.

"म्हणजे इतके दिवस मीच त्यांना अडवून ठेवलं होतं का गं?"

"तू नाही आई! पुस्तक कोणी उघडलंच नाही!" भिंगरीने तिला घट्ट मिठी मारली. आईने डोळे पुसले, कात्री उचलली आणि सरळ तीन नंबरच्या गाडीकडे निघाली.

जाळीपुरता चौकोन कापून तिने कडा शिवल्या. पण साहेबांना पटवणार कोण? मुलांचं ऐकतील तर ते साहेब कसले!

"आपण सांगायचंच नाही. त्यांनाच फिरवून आणायचं!" प्रोफेसर म्हणाला.

शुक्रवारी भर दुपारी साहेबांना टेकडीवरच्या कचेरीत जायचं होतं. बाहेर तीन नंबरची गाडी तयारच होती. नंबराच्या पाटीवर ड्रायव्हरकाकांचं फडकं वाळत पडलेलं! दोन तासांनी साहेब खुशीत परतले.

"वा! एवढा चढ, एवढं ऊन, आणि गाडी कशी लोण्यासारखी! अकरा नंबर ना ही?"

शेपटाने फडकं ओढलं. "तीन!"

साहेबांनी वासलेला आ मिटेना! भिंगरीने कागदाचा कपटा जाळीला चिकटवून दाखवला आणि पुस्तकाचं चौथं पान त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कान पकडले.

"चुकलो बाबांनो! कव्हरं घालायचा हुकूमही माझाच. शाब्बास तुमची! बोला, काय बक्षीस हवं?"

शेपटाने सायकल म्हणण्यासाठी तोंड उघडलं, पण भिंगरी आधीच बोलली, "बाबा कधी येतील?"

साहेबांनी खाकरत फोन लावला. गाड्या ठेवून घेतल्याचं कळवलं, मेकॅनिक मागितला आणि म्हणाले, "सोमवारी निघतील!" संध्याकाळपर्यंत आईने उरलेली दहाही कव्हरं कापली. ड्रायव्हरमंडळींनी मुलांना खांद्यावर घेऊन डेपोभर नाचवलं.

घरी बाबांचा फोन आला. "शाब्बास पोरांनो! मला सगळी बातमी कळली. सात महिने शिकतोय मी, आणि तुम्ही दोन दिवसांत..."

भिंगरीने त्यांना सांगायला कितीतरी गोष्टी साठवल्या होत्या. पण तोंडून एवढंच आलं,

"बाबा, सोमवार खूप लांब आहे हो!"

बाबा हळूच म्हणाले, "मलाही लांब वाटतोय गं. मी आज रात्रीच्याच गाडीने निघतो!"