अर्धवट राहिलेला चौथा भाग

त्या शुक्रवारी रात्री साडेनऊला तो घरातून निघाला तो फक्त प्रोजेक्टर आणायला. हातात दोन रिकाम्या पिशव्या, खिशात खोलीची किल्ली. आईला सांगून निघाला होता, "अर्ध्या तासात येतो."

"नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार," ऑपरेटरकाका म्हणाले. "मला पक्कं आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याच दारात उभा होता. तेव्हा ऐकायचं तर नीट ऐका. मध्येच तुमचं ते पार्ट टू, पार्ट थ्री सुरू करू नका."

बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं गप्प झाली. अंधार पडल्यापासून त्यांची एकच कटकट चालली होती, कुठल्या भुताच्या पिक्चरचा कुठला भाग भारी आणि कुठला भिकार. काकांनी याच थिएटरात उभा जन्म मशीन चालवलं होतं. आता मशीन गेलं होतं, पडदा गेला होता, पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. काकांनी पाठ तिकीटखिडकीला टेकवली आणि सांगायला लागले.

टायरच्या दुकानात पंक्चर काढणारा तो पोरगा. सगळे त्याला धाकटा म्हणायचे, कारण त्याच्या थोरल्या भावाला सगळं गाव ओळखायचं. थोरला गाड्यांच्या सीटा शिवायचा. आपल्या सीटांच्या दुकानावरची एक खोली त्याने भाड्याने घेतली होती आणि भंगारात निघालेल्या सीटा आणून तिथे चक्क छोटं थिएटर केलं होतं. समोरची भिंत पांढरी रंगवलेली, मागच्या फळीवर प्रोजेक्टर आणि पिक्चर लावायचा प्लेयर, मध्ये सीटांच्या दोन रांगा. दर शुक्रवारी पाच-सहा जण जमायचे आणि भुताचे पिक्चर बघायचे. बघायचे कमी, भांडायचे जास्त.

थोरल्याचं मत ठाम. पहिला भाग तोच खरा पिक्चर, पुढचं सगळं गाळ. आणि पहिला भागसुद्धा जुना असेल, काळापांढरा असेल, तर त्याच्यासारखा नाही.

"त्या लिफ्टवाल्या पिक्चरचंच घ्या," तो म्हणायचा. "पहिल्या भागात लिफ्टचं दार उघडतं, आत कोणीच नाही. संपला पिक्चर. माझी आठवडाभर झोप उडाली. दुसऱ्यात दार उघडतं, आत बाई. तिसऱ्यात बाई आणि तिची आई. आता चौथ्यात काय, अख्खं खानदान उतरणार का सामानसुमानासकट?"

सगळे खो खो हसायचे. धाकटा तेवढा चिडायचा.

"अरे पण दादा, ती बाई कोण, तिथे कशी आली, हे कळायला नको?"

"कळलं की भीती गेली."

"तुला नको असेल. मला कळायला हवं."

"म्हणून तर दर भागाला फसतोस लेका. पोस्टर दिसलं की निघाला धावत."

तरी चौथा भाग धाकट्यानेच मिळवला. ह्याच्या मागे लाग, त्याच्या हातापाया पड, असं करत कुठूनतरी पैदा केला. ज्या शुक्रवारी तो लावला, तेव्हा बाकीचे कोणी आले नाहीत, दोघं भाऊच होते. थोरला नेहमीसारखा पुढच्या सीटवर. अंगाने उंच, आणि सीट गाडीची, बुटक्या पाठीची. तो ताठ बसला की त्याच्या डोक्याची सावली भिंतीवर पिक्चरच्या खालच्या कोपऱ्यात यायची, एका कानासकट. मग मागून सगळे एकच ओरडायचे, "डोकं!" तो मागे न बघता सीटमध्ये खाली घसरायचा.

त्या रात्री तो पिक्चरभर टिंगल करत होता. बाई आली, टाळी वाजवली. आई आली, "या, बसा" म्हणाला. धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. पिक्चर संपायला थोडाच राहिला होता, तेवढ्यात तो ताडकन उठला.

"तुझ्याबरोबर बसायचं म्हणजे डोक्याला ताप आहे! एवढं मरमर करून आणलाय मी."

"अरे थांब, शेवट तरी बघून जा."

"नाही बघायचा."

"बरं, बंद करून ठेवतो. तू आलास की दोघं मिळून बघू. मग मला मनसोक्त शिव्या दे."

मंगळवारी संध्याकाळी थोरला दुकानातून घरी येत होता. मागून टेम्पोने उडवलं. जागच्या जागी.

पायऱ्यांवर कोणीतरी खोकलं.

"मग धाकट्याला भेटायला जी माणसं आली, ती काहीबाही बोलून गेली," काका पुढे म्हणाले. "चांगल्या माणसांनाच देवाचं बोलावणं लवकर येतं म्हणे. धाकट्याला वाटायचं, एकेकाला धरून विचारावं, मग तुम्ही कसे अजून इथे?"

शुक्रवारची दोस्तमंडळीही आली. सतरंजीवर बसली, जमिनीकडे बघत. शेवटी औषधांच्या दुकानातला तो जाड्या हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "पाचवा भाग येतोय, ऐकलंस?" आणि शेजारी म्हणाला, "येणारच. चौथ्याचा शेवट तूही बघितलास ना? तिथे सरळसरळ..."

"उठा," धाकटा म्हणाला.

"अरे, आम्ही आपलं..."

"उठा म्हणतो ना! बाहेर व्हा!"

आईने हात धरला, तो झटकला. पोरं चपला हातात घेऊन निघाली. धाकट्याच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. ह्या सगळ्यांनी शेवट बघितलाय. ह्या जाड्यानेसुद्धा. फक्त दादाने नाही बघितला. माझ्यासाठी थांबला म्हणून.

त्या खोलीची मालकीणबाई तशी भली होती, पण तिला नवा भाडेकरू मिळाला होता. शनिवारी दुपारपर्यंत खोली रिकामी हवी, म्हणाली. सीटा राहू दे, बाकीचं ने. म्हणून शुक्रवारी रात्री तो प्रोजेक्टर आणायला गेला.

जिन्याखालचं मेन स्विच वर केलं. वर जाऊन दिवा लावला. रेक्झिनचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास तसाच. वायरी गुंडाळायला घेतल्या, आणि अर्ध्या गुंडाळून तो मागच्या सीटवर बसला. उद्यापासून इथे कोणीतरी तिसराच स्टोव्ह मांडणार. बसल्या बसल्या त्याला वाटलं, निदान तेवढं संपवून टाकू. दादाच्या वाटचं मी बघतो.

वायरी परत जोडल्या. दिवा घालवला. प्लेयरमध्ये चौथा भाग लावला. दोघांनी जिथे सोडला होता, तिथूनच तो सुरू झाला. लांबलचक पॅसेज, पॅसेजच्या टोकाला लिफ्ट, लिफ्टचं दार बंद.

थोडा वेळ तो बघत राहिला. डोळे भरून येत होते, त्यामुळे धड दिसत नव्हतं. खालच्या कोपऱ्यात काहीतरी काळं होतं. त्याला वाटलं, भिंगावर धूळ असेल. उठला, शर्टाच्या टोकाने भिंग पुसलं, परत बसला.

काळं तिथेच होतं.

गोल. वर थोडे केस. बाजूला एक कान.

पुढच्या सीटची पाठ त्याला समोर दिसत होती. त्या पाठीच्या वर काही नव्हतं. कोणी नव्हतं. पण भिंतीवर डोकं होतं.

आता तुम्ही-आम्ही असतो तर पळालो असतो. पण इतक्या वर्षांची जिभेला लागलेली सवय. त्याला कळायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"डोकं!"

आणि सावली खाली घसरली.

पोरांपैकी एकाने काकांचा गुडघा पकडला. काकांनी तो सोडवला नाही.

समोरची सीट कुरकुरली. एकदाच. मग काही नाही.

"दादा?"

...

"दादा, तू आहेस ना?"

...

पिक्चरमध्ये पॅसेजमधले दिवे एक एक करून जात होते. धाकट्याच्या भीतीच्या वर आणखी काहीतरी चढत होतं. राग. तोच जुना राग.

"बोल ना. कसा आहे? भिकार आहे ना? म्हण की भिकार."

...

"एरवी मला बोलू द्यायचा नाहीस. आता का गप्प? टाळी वाजव ना. हस ना माझ्यावर!"

लिफ्ट यायला लागली. आकडे वर चढत होते. समोरच्या सीटकडून श्वास नाही, शब्द नाही.

"मी गेलो उठून, म्हणून? त्याचं काय मनात धरतोस एवढं? मी आलोय ना परत! बघ, आलोय! एक शब्द बोल!"

काही नाही.

लिफ्ट थांबली. दार उघडायला लागलं.

धाकट्याला सहन झालं नाही. तो उठला आणि त्याने फळीवरची वायर हिसका मारून उपटली.

अंधार.

गुप्प अंधार.

मग समोरून एक आवाज आला. खूप वेळ रेक्झिनवर बसलेला माणूस उठताना येतो तसा. कपडा सुटल्याचा.

दार कसं ओढलं, कुलूप कसं घातलं, त्याचं त्याला ठाऊक नाही. खाली येऊन मेन स्विच पाडलं, एवढं मात्र त्याला आठवत होतं. कारण दादा रोज तेच सांगायचा, मालकीणबाई ओरडते, मेन पाडल्याशिवाय निघायचं नाही.

"सकाळी माझ्या दारात आला," काका म्हणाले. "डोळे लाल. मला वाटलं, घाबरलाय. कसला घाबरतोय! स्वतःवरच दातओठ खात होता. म्हणाला, 'काका, मी दुसऱ्यांदा तेच केलं. तो शेवट बघायला बसला होता आणि मी पुन्हा अर्ध्यातून उठलो. मीच बंद केला. माझ्यासारखा मूर्ख नाही.' मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, चल. मी बसतो तुझ्याबरोबर. दोघं मिळून संपवू."

दोघं गेले. मेन खाली पडलेलं होतं. कुलूप जसंच्या तसं. आत उपटलेली वायर जमिनीवर, पिशव्या तिथेच. खिडकी आतून लावलेली. काकांनी मेन वर केलं, वायर जोडली, पडदे ओढले. धाकटा मागच्या सीटवर बसला. पुढच्या सीटकडे बघत नव्हता.

"थोडाच राहिलाय," तो म्हणाला. "लिफ्टचं दार उघडतं तिथून."

काकांनी बटण दाबलं.

भिंतीवर आधी काळं आलं. मग संगीत. मग मोठ्या अक्षरांत पिक्चरचं नाव.

"हे काय? काका, मागे नेलंत का तुम्ही?"

"मी हातसुद्धा लावला नाही रे."

काकांना वाटलं, वायर उपटल्याने बिघडलं असेल. त्यांनी प्लेयरमधले बाकीचे पिक्चर तपासले. भांडणापायी अर्ध्यात सोडलेले कितीतरी होते त्यात. एकेक लावून बघितला. सगळे जिथे सोडले होते तिथूनच सुरू झाले. परत चौथा लावला. परत पहिल्यापासून.

"त्या प्लेयरचं असं होतं," काका म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की पोरं पुढे सरकली. "पिक्चर मध्येच बंद केला, तर तिथूनच पुढे लागायचा. पहिल्यापासून लागायचा तो एकाच वेळी. कोणीतरी तो अगदी शेवटपर्यंत बघितला असेल, तर."

"पण काका," एकजण अडखळत म्हणाला, "वीज तर... त्याने खाली मेन पाडलं होतं ना?"

"ते सकाळी मीच वर केलं," काका म्हणाले.

"मग धाकटा काय म्हणाला?"

"एकदम उठला, पुढच्या सीटला जोरात लाथ घातली आणि रडायला लागला. म्हणाला, 'बघितला ना! मग आता मला कोण सांगणार, त्याला कसा वाटला?'"

आणि भिंतीवर पिक्चर चालूच होता, पहिल्यापासून. लिफ्ट रिकामी होती.