वडीलबंधूंचा कडा

चंद्रपुरात लॉज म्हटलं की लोक विचारत, "खोली रिकामी आहे का?" बाबूभाई घड्याळवाले हसून सांगत, "इथी खोली नाई, भाऊ भेटतात." जिल्ह्यातले पहिले गिर्यारोहक तेच आणि 'गिरिबंधू लॉज' या गिर्यारोहकांच्या बंधुमंडळाचे पहिले वडीलबंधू, म्हणजे प्रमुखही तेच. लॉजची शपथ त्यांनीच घातलेली: भावाचा दोर सोडायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी सूरजागडच्या अलीकडच्या कड्यावरून ते पडून वारले. दोर खडकावर घासून तुटला, असं खाली दोर धरून बसलेल्या ताबिशने सांगितलं. कोणी शंका घेतली नाही. खरं तर आग्यामोहोळ उठलं होतं आणि ताबिशने जीव घेऊन पळताना दोर सोडला होता. तोडला त्याने नंतर, दगडाने.

आता वडीलबंधूच्या गादीवर तोच बसणार होता. रीत एकच होती: तो कडा स्वतः चढायचा, मग एका भावाला दोरावर वर घ्यायचं. त्याला मनातून लाज वाटत होती, पण गादीचा मोह काही सुटेना.

सकाळचे नऊ वाजले होते. दूर खाणीचे ट्रक घरघरत होते. ताबिश वर पोचला, मोहाच्या झाडाला स्वतःला बांधून बसला आणि त्याने दोर खाली सोडला. कड्याने मध्येच पोट काढलेलं, त्यामुळे ज्याला वर घ्यायचं तो भाऊ, खाली उभा असलेला प्रफुल, दिसत नव्हता.

दोराला हिसका बसला. ताबिश दोर वर घेऊ लागला. वजन चांगलंच लागत होतं आणि प्रफुल तर काडीपैलवान.

"प्रफुल, सावकाश ये!"

उत्तर फार खालून आलं. "भाऊ, दोर काऊन ओढता? मी आत्ता बूट बांधून राह्यलो!"

ताबिशचे हात थांबले. दोर ताठच होता.

"मंग दोराले कोण आहे?"

"कोणी नाई! दोर तर केव्हाच वर गेला!"

ताबिशची बोटं आपोआप सैल पडू लागली. त्याने ती पुन्हा आवळली.

"नाई सोडत," तो रडत म्हणाला. "या बारीले नाई सोडत."

तो ओढत राहिला. तळहात सोलले.

मग वजन एकदम उतरलं, माणूस वर येऊन टेकला की उतरतं तसं. समोर कोणीच नव्हतं.

पाठीमागे मोहाला मारलेली गाठ सावकाश सुटत होती.

"शाब्बास बेटा," कानाशी आवाज आला. "आता तू उतर. दोर मी धरतो."