पडवीतली दुसरी विळी

मला सगळं नीट आठवतं असं मी म्हणणार नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात पाहिलेलं, वाचलेलं आणि झोपेत दिसलेलं एकमेकांत कालवलं जातं. त्या रात्री थंडी होती, हे नक्की. रविवार होता, हेही नक्की, कारण सोमवारी सकाळी जीप यायची होती. बाकीचं ऐकताना माझ्यावर थोडा अविश्वास ठेवा. मीही ठेवतो.

धारवाडच्या कॉलेजातून महिन्याची रजा काढून मी गावी आलो होतो. आमचं गाव सिरसीच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी. डिसेंबरात सुपारीची सोलणी चालते तेव्हा घरातलं माणूस लागतं, म्हणून सुब्रायअण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, बोलावलं होतं. निदान पत्रात त्यानं तेवढंच लिहिलं होतं. सोबत माझी बायको शरावती होती. तिला तेव्हा पन्नास पुरी झाली होती आणि चार महिने ती झोपली नव्हती.

झोपली नव्हती म्हणजे तासभर डुलकी लागायची, मग अंगात वणवा पेटल्यासारखी ती उठून बसायची. कपाळ, मान, पाठ घामानं निथळायची. ऐन थंडीत पांघरूण लाथेनं उडवायची आणि थोड्या वेळानं कुडकुडत तेच शोधायची. पाळी थांबत आली होती. मी रसायनशास्त्राचा माणूस. मी एक वही केली. किती वाजता निजली, किती वाजता जागी झाली, चहा किती, जायफळ घातलेलं दूध किती. हुबळीच्या डॉक्टरांना ती वही दाखवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "वय आहे, बाई. कामात मन रमवा," म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर भिंतीला धरून चालायची आणि रात्री टक्क जागी.

"तुमची ती वही चुलीत घाला," ती एकदा म्हणाली. "जागी मी आणि हिशेब तुमचा!"

गावी आल्यावर मात्र तिला एक जागा सापडली. आमच्याकडे सोलणी संध्याकाळी सुरू होते ती मध्यरात्रीपर्यंत. मागच्या लांब पडवीत बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या पायाखाली विळी. हिरवी सुपारी पात्यावर दाबायची, फिरवायची, साल एका बाजूला, गाभा टोपलीत. सर्र… टप्प. सर्र… टप्प. शेजारच्या चुलाणावर सोललेली सुपारी उकळत असते आणि त्या लालसर काढ्याचा तुरट वास कपड्यांत, केसांत, भातातसुद्धा येतो.

शरावती बायकांमध्ये जाऊन बसली. त्यांची म्होरकी बेळ्ळी, साठीची, काळी, हडकुळी. तिला शरावतीचं दुखणं पहिल्याच दिवशी कळलं.

"अम्मा, माझ्या वेळी तर पाठीवर पापड भाजले असते," बेळ्ळी म्हणाली. "नवरा म्हणायचा, लांब नीज, घोंगडी पेटेल!"

बायका खदखदल्या. शरावतीही हसली. चार महिन्यांनी हसली.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? सोलत बसले. आमच्यात सगळ्याजणींची झोप जाते, अम्मा, आणि परतही येते. तुमच्यात बाईची झोप गेली की पुरुषच घाबरतात."

बायका घरी गेल्यावरही शरावती तिथेच बसायची. एक छोटा दिवा, एक टोपली, एक विळी. अण्णाला ते खपलं नाही. शुक्रवारी त्यानं मला अंगणात गाठलं.

"प्रोफेसर, तुझी बायको रात्री एकटी बोलते. तुझ्या वहिनीनं ऐकलंय."

"झोप नसली की माणूस बोलतं, अण्णा."

"अपरात्री घामानं भिजलेली, केस मोकळे, हातात विळी. लोक काय म्हणतील? सोमवारी जीप सांगितली आहे. घाटाखाली तो आहे ना… त्याच्याकडून बांधून आणू."

बांधून आणणं. आमच्याकडे हा शब्द सहज वापरतात. मंत्रानं बांधतात, असं समजायचं. खरं तर दोरीनंच बांधतात, खांबाला, मिरचीची धुरी देतात आणि बाहेरून कडी घालतात. मला ते ठाऊक होतं की नव्हतं? या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर बदलत आलो आहे. शुक्रवारी मी फक्त "बघू" म्हणालो. कावेरीवहिनीनं ते शरावतीच्या कानावर घातलं.

शरावतीनं मला काही विचारलं नाही.  दोन दिवस ताट मात्र असं आपटून ठेवायची की आमटी कडेवरून सांडायची.

रविवारी रात्री बायका झावळ्यांच्या चुडी पेटवून घरी गेल्या. मी माजघरात पडलो. पोफळीच्या बागेत वारा नव्हता. पडवीतून आवाज येत होता, सर्र… टप्प. मी तो मोजत होतो. मला मोजायची सवय आहे. एक सुपारी, चार श्वास. एक सुपारी, चार श्वास.

मग मधल्या श्वासात आणखी एक आवाज आला.

सर्र… टप्प. सर्र, सर्र… टप्प, टप्प.

पहिल्यांदा वाटलं, बेळ्ळी परतली असेल. मग शरावतीचा आवाज ऐकू आला. हलका, पण रागानं घट्ट झालेला. ती बोलायची, थांबायची, "हं" म्हणायची, पुन्हा बोलायची. ती बोलू लागली की दुसरी विळी थांबत होती. ऐकणारं माणूस हात थांबवतं, तशी.

मी उठलो. पायाखालची शेणानं सारवलेली जमीन बर्फासारखी होती. पडवीच्या दारात मात्र गरम वाफेनं तोंड भाजलं. चुलाण तर केव्हाच विझलं होतं. काढ्याचा वासही नव्हता. वास होता मिरचीचा. जळक्या मिरचीचा, नाकात ठसका आणणारा.

शरावती माझ्याकडे पाठ करून बसली होती. पोलकं पाठीला चिकटलेलं. तिच्यासमोर, दिव्याच्या पलीकडे, दुसरी विळी मांडलेली होती. तिथे कुणी नव्हतं. विळीपाशी सालांचा ढीग होता, शरावतीच्या ढिगाएवढाच.

"शरावती…"

"तिथेच थांबा." तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "तिचं बोलणं संपलेलं नाही."

"कुणाचं?"

"ती म्हणते, दोरी थोरल्यानं धरली होती."

मी दाराची चौकट धरली.

"ती म्हणते, थोरल्याचा राग नाही. तो अडाणी. पण धाकटा कॉलेजातून आला होता. सगळ्यांनी त्याला विचारलं, तू शिकलेला, सांग बाबा, हे वेड आहे का? आणि त्यानं पुस्तक उघडून वाचून दाखवलं…" तिचा आवाज फाटला. "वाचून दाखवलंत तुम्ही?"

मी एकोणीस वर्षांचा होतो. आई अठ्ठेचाळीसची. ती रात्र रात्र जागायची, घामानं भिजून अंगणात फिरायची, वडिलांवर ओरडायची. ग्रंथालयातून आणलेल्या इंग्रजी पुस्तकातला एक परिच्छेद मी वडिलांना आमच्या भाषेत समजावून सांगितला होता. हे वेडच आहे, असं अभिमानानं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला घाटाखाली नेलं. तिसऱ्या दिवशी चटईत गुंडाळून आणलं. तापानं गेली, असं गावाला सांगितलं. मीही तेच सांगत आलो, शरावतीलाही. पुस्तकाचं मी कधीच कुणाला बोललो नव्हतो. झोपेत बरळलो असेन कदाचित. मला झोप चांगली लागते.

"उद्या मलाही नेणार ना?" शरावती म्हणाली. "आता कुठलं पुस्तक आणलंय?"

समोरच्या विळीपाशी एक सुपारी गडगडत आली आणि माझ्या पायाला लागून थांबली. ती सोललेली होती आणि ऊन होती. मी उचलली नाही. दारातच खाली बसलो. उजाडेपर्यंत दोघींचा आवाज चालू होता. मी मोजायचं सोडून दिलं.

सकाळी जीप आली. चालकानं मागच्या सीटवरचं दोरीचं भेंडोळं बाजूला सारून जागा केली. अण्णा धोतराचा सोगा खोचत पडवीत आला. बेळ्ळी आणि तिच्याबरोबरच्या दोघी बायकाही आल्या होत्या. अण्णाला सवय होती, पडवीत आला की सालं उचलून बघायची. कुणाचा हात कसा चालतो, हे सालाच्या पिळावरून आमच्याकडे पोरालाही कळतं. त्यानं दुसऱ्या ढिगातलं एक साल उचललं आणि कपाळाला आठ्या घालून ओरडला,

"डावरीला कुणी बसवलं? डावऱ्या हाताचं पातं गाभ्याला लागतं, सुपारी काळी पडते! किती वेळा सांगायचं…"

त्यानं ते साल चटका बसल्यासारखं खाली टाकलं. ते वाक्य त्याचं नव्हतं. आमचे वडील दर सोलणीला ते वाक्य बोलायचे, आणि एकाच बाईला बोलायचे.

बेळ्ळी पुढे झाली. तिनं साल हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि अलगद पुन्हा ढिगावर ठेवलं. "आमच्यात डावरी कुणी नाही, हेगडे," ती म्हणाली. "तुमच्यात होती."

"अब्बे…" अण्णा पुटपुटला. आमच्यात आईला तसं म्हणतात. बत्तीस वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. पण तो हट्टी माणूस. बाहेर जीपचा भोंगा वाजला तसा त्यानं माझा दंड धरला. "हे बघ, हे तर आणखीच वाईट. हिला आजच न्यायला हवं. प्रोफेसर, तू सांग. तू शिकलेला."

शरावती विळीवरून उठली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. तिचे डोळे लाल होते आणि त्यांत भीती नव्हती, नुसता राग होता. मला वाटलं, तिच्या डोळ्यांतून आणखी कुणीतरी पाहतंय. तसं नसेलही.

"हे वेड नाही," मी म्हणालो.  "हे काय आहे, मला ठाऊक नाही, अण्णा. पण ती येणार नाही. जीप परत पाठव. ती दोरीही."

"ठाऊक नाही म्हणजे?"

"म्हणजे ठाऊक नाही! तेव्हाही नव्हतं!"

मी इतक्या जोरानं ओरडलो की चुलाणावरचे कावळे उडाले. अण्णानं माझा दंड सोडला. तो जीपपाशी गेला आणि चालकाला हातानं जा म्हणाला.

शरावतीनं पुढची सुपारी पात्यावर धरली. "बत्तीस वर्षं लागली," ती म्हणाली. तिनं माझे आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

तिची झोप एकदम परतली नाही. दीडेक वर्षात हळूहळू आली, बेळ्ळी म्हणाली होती तशी. त्या रात्रीबद्दल ती पुढे कधी बोलली नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

अण्णा त्यानंतर सात वर्षं जगला. तो गेल्यावर तेराव्याला कावेरीवहिनीनं मला एका बाजूला बोलावून सांगितलं की त्या सोमवारपासून तो कधी धड झोपला नाही. कडाक्याच्या थंडीत पांघरूण भिरकावून द्यायचा, घामानं उशी भिजायची, अंग जळतंय म्हणायचा. डॉक्टरांना ताप कधी सापडला नाही. पहाटे पहाटे उठून तो आपल्या खोलीच्या दाराला धडका द्यायचा आणि रडायचा, "बाहेरची कडी काढा गं, कुणीतरी कडी काढा." वहिनी आतूनच दार ओढायची. ते उघडायचं नाही. उजाडलं की आपोआप उघडायचं.

मला खरं वाटलं नाही. म्हणून मी त्याच दुपारी जाऊन पाहिलं. त्या दाराला बाहेरून कडी नाही. बोटांनी चौकट वरपासून खालपर्यंत चाचपली. कडी कधी काळी बसवली असावी असं खिळ्याचं एक भोकही त्या लाकडात नाही.