जपान्याच्या भट्टीचं तोंड

महिपतआबा कंदिलाची वात खाली करतो आणि मगच ही गोष्ट सांगतो. खळ्यात बसलेल्या पोरांपैकी कोणी दिवसा विचारलं तर म्हणतो, कसली भट्टी नि कसला जपानी. कुंभारवाडीतले म्हातारे सगळे असेच. खरं बोलायला त्यांना काळोख लागतो.

गोष्ट धाकूची. सन तेहतीस, माघ वद्य दशमी. काशीरामच्या मुलीचं लग्न उद्यावर आलेलं. हळद लागली आणि दिवेलागणीला जेवणाची मोठी चूल तडकली. जांभ्याचे चिरे ते, तेवढ्या जाळाला टिकतात थोडेच. काशीराम वाडीचा पुढारी. त्याने पुतण्याला, धाकूला, हाक मारली आणि जपान्याच्या भट्टीच्या विटा काढून आणायला सांगितलं. त्या फुटायच्या नाहीत म्हणाला.

"तुमी चला की संगती," धाकू म्हणाला.

"मांडव सोडून?" म्हाताऱ्याने डाव्या हाताने मिशी पुसली. त्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणीच गाडीच्या चाकाखाली गेलेली. "चार वर्सं थंड पडलीय ती. खातेय काय तुला?"

चार वर्षांत तो स्वतः मात्र त्या उताराला फिरकला नव्हता.

जपानी म्हणजे कोहेई. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्याला इथली माती बघायला धाडलेला. आपले कुंभार आवा रचतात, रात्री पेटवतात, सकाळी मडकी काढतात. कोहेईने डोंगराच्या अंगाला लांबच लांब भट्टी बांधली. खाली माणूस रांगत जाईल एवढं तोंड, वर धुराचं भोक. आत भांडी रचायची, तोंड विटांनी बंद करून लिंपायचं, लाकडं सारायला वीतभर फट ठेवायची आणि चार दिवस, चार रात्री जाळ. त्याला मराठीचे पाच शब्द येत. माती, पाणी, लाकूड, उद्या, थांब. 'थांब' तो फार वापरी, कारण वाडीत थांबणं कोणाला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या जाळाला भटजींनी मुहूर्त काढून दिला. ऐन वेळी कोहेई दिसेना. काशीराम विटा लावत होता, धाकू चिखलाचे गोळे देत होता. तेवढ्यात आतून आवाज आला. थांब.

धाकूचा हात थबकला.

"वीट बसतेय ती," काशीराम म्हणाला. मुहूर्ताची वीट सगळ्या वाडीदेखत काढायची म्हणजे अपशकुन. "माती दे, धाकू."

"घ्या काका," धाकू म्हणाला.

चार दिवस, चार रात्री जाळ झाला. त्यानंतर भट्टी कोणी उघडली नाही. जपानी बोटीने गेला असं ठरलं. ठरलं म्हणजे, म्हाताऱ्यांनी ठरवलं. आणि धाकूने ऐकून घेतलं.

रात्री दहाचा सुमार असेल. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. धाकूने कुदळीने तोंड फोडलं, लिंपणाचे तुकडे पायाशी पडू दिले, विटा बाहेर रचल्या. वीसच निघाल्या. चुलीला चाळीस हव्या होत्या. कंदील पुढे सरकवत तो रांगत आत शिरला.

आत हाडं नव्हती. राखही नव्हती. होती फक्त भांडी. छतापर्यंत रचलेली, हिरव्या काचेसारखी चकाकणारी. एकालाही तडा नाही.

कंदील विझला.

वाऱ्याची झुळूक नव्हती...

मागे आवाज झाला. टक.

धाकूने मान वळवली. तोंडातून आभाळाचा करडा तुकडा दिसत होता. तो आता अर्धाच होता.

टक.

ओल्या मातीचा वास आला.

"काका?... मी आत हाय."

बाहेर मातीवर थाप पडली. मग काशीरामचा आवाज. अगदी तोच, तसाच.

"माती दे, धाकू."

आणि बाहेरून त्याला उत्तर गेलं. ते धाकूच्याच आवाजात होतं.

"घ्या काका."

शेवटची वीट बसली.

त्याने खांदा लावला. लाथा घातल्या. काही हललं नाही. तळहाताखालची जमीन कोमट लागली. मग गरम. वर धुराचं भोक होतं, पण मधे भांडीच भांडी... श्वास पुरेना. ती फोडायला त्याने मूठ उगारली.

कानाशी कोणीतरी म्हणालं, "थांब."

मूठ तशीच राहिली.

पुढे काळोखात भांडं हललं. हळूच. मग दुसरं. मग तिसरं. कोणीतरी एकेक उचलून बाजूला ठेवत होतं... घाई नाही. एकही फुटलं नाही. माणूस जाईल एवढी वाट झाली.

धाकू रांगला.

उजाडताना लोक शोधायला गेले तर तो वर, धुराच्या भोकाशी बसलेला. खाली भट्टीचं तोंड बंद होतं.

इथे आला की महिपतआबा दरवेळी सांगतो, काशीराम रात्रभर मांडवात माझ्याच शेजारी होता, पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. परवा एका पोराने विचारलं, "आबा, त्या पहिल्या जाळाला तुमी कुठं होतात?"

आबाने कंदिलाची वात आणखी खाली केली.

"विटा उचलून देत होतो," तो म्हणाला.

मग त्याने उरलेलं सांगितलं. धाकूने फोडलेलं जुनं लिंपण खाली तुकड्यांत तसंच पडलं होतं. विटांवर नवं होतं. एका रात्रीचं, पण ओलं नव्हे. भाजून दगड झालेलं. आणि मधोमध डाव्या पंजाचा ठसा, करंगळीची जागा रिकामी.